क्रॅनबेरीसाठी जारचं पाणी

आम्हा नवरा-बायकोच्या हातून झालेलं शेवटचं साधं काम म्हणजे तिच्या जुन्या लुगड्याचं छप्पर करणं. छप्पर माणसाला नाही, जनावराला नाही, टबातल्या एका रोपट्याला. रोपटं वीतभर आणि त्याला अख्खं नऊवारी.

फेब्रुवारी सरत आला होता, दुपारचं ऊन चटके द्यायला लागलं होतं. टब घराच्या मागं, संडासाच्या भिंतीला लागून होता. लुगड्याचं एक टोक मी शेवग्याच्या फांदीला बांधलं. सुटलं. परत बांधलं. परत सुटलं.

“जन्म गेला बैलं बांधण्यात,” ती म्हणाली, “अन एक गाठ येईना.”

“बैलं गरीब होती. हे वारं हाय.”

“कशाची गरीब? तुमच्या मागून जाऊन मी परत बांधत होते. द्या हिकडं.”

चाळीस वर्षं मी समजत होतो की माझी जनावरं दावं तोडत नाहीत. असो. तिनं शेवग्याची गाठ मारली आणि दुसरं टोक कुठं बांधावं म्हणून इकडंतिकडं बघायला लागली. मी म्हणालो, “संडासाच्या कडीला बांध की. ते दार कुठं उघडायचंय?”

तिनं माझ्याकडं बघितलं. “व्हय,” म्हणाली, “ते कुठं उघडायचंय.”

आणि कडीला अशी गाठ मारली, जशी ऊसतोडीत वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, भारा बांधायची. पीळ देऊन, खाली खेचून. मग दिवस मावळलाय का बघितलं, टमरेल उचललं आणि ओढ्याच्या वाटेनं गेली. मी कमरेवर हात ठेवून छप्पर बघत उभा राहिलो. लय भारी झालं होतं.

ते रोपटं क्रॅनबेरीचं होतं. हसू आलं असेल तर हसा, आमच्या गावानं पोटभर हसून घेतलंय. ते जगलं का, असं विचाराल तर नाही जगलं. चैत्रातच वाळलं. तेव्हा ह्या लिखाणातून कुणाला क्रॅनबेरी कशी लावावी हे कळणार नाही. मी सोनपेठकडचा, गोदावरीच्या काठचा शेतकरी, चौथीपर्यंत शिकलेला. मला जेवढं कळतं तेवढंच सांगणार, आणि ते थोडं आहे.

तिला लघवीची जळजळ होती. सरळच लिहितो, कारण घरात हे सरळ न बोलताच आमची सगळी वर्षं गेली. वरचेवर व्हायचं तिला. सांगायची नाही. चुलीपुढं बसल्याबसल्या ओठ दाबायची, मला वाटायचं धुरानं. दिवाळीला आमची एकुलती लेक आली. ती सेलूला दिलेली आहे. तिनं आईचा चेहरा बघितला आणि दुसऱ्याच दिवशी तिला परभणीला बाईडॉक्टरकडं घेऊन गेली. मीही गेलो. कुणीतरी पिशवी धरायला पाहिजे होतं.

डॉक्टरबाईनं तपासलं, गोळ्या लिहिल्या आणि म्हणाल्या, “आजी, दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं. आणि लागली की लगेच जायचं, धरून ठेवायची नाही. घरी संडास आहे ना?”

प्रश्न तिला होता, उत्तर मी दिलं. “आहे की मॅडम! पक्का. फरशीचा.”

ती खाली बघत होती. लेक माझ्याकडं बघत होती. मी डॉक्टरबाईकडं बघत होतो. खोटं कुठं बोललो होतो? संडास होता.

त्याचंही सांगून टाकतो. काही वर्षांखाली गावात सगळ्यांना सरकारी संडास मिळाले, तसा आम्हालाही मिळाला. बांधून झाल्यावर फोटो काढायला माणूस आला. त्या फोटोत मी संडासाच्या दारात असा उभा आहे, जसा नवरदेव मांडवात. फोटो झाला आणि त्याच आठवड्यात मी आत ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी ठेवली. नळ्या उंदीर कुरतडत होते, आणि अशी कोरडी, सिमेंटची, कडीची खोली घरात दुसरी नव्हती. मग खताची पोती गेली. मग फवारणीचा पंप गेला. ती एकदा म्हणाली, “नळ्या काढा की ओ तेवढ्या. चालून चालून माझं पाय दुखायलेत.”

ओट्यावर भावकी बसलेली होती. मी म्हणालो, “एवढी नवी खोली, अन त्यात हागायचं?”

सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर तिनं तो विषय परत काढला नाही, आणि मला वाटलं, पटलं तिला.

आमच्याकडं ओढ्याला जायचं म्हणजे बाईनं उजाडायच्या आत जायचं, नाहीतर मावळल्यावर. मधला अख्खा दिवस तसाच काढायचा. गड्याचं बरं असतं, बाभळीकडं तोंड केलं की झालं. ऊसतोडीला जायचो तेव्हाही तेच. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. म्हणजे माणसं दोन आणि कोयता एक. पण पाण्याची घागर मात्र मी एकटाच संपवायचो. ती ओठ ओले करून परत मोळ्या बांधायला. मी बाकीच्यांना कौतुकानं सांगायचो, आमची बाई लय काटक हाय, पाण्यावाचून चालते. जसं काही ते इंजिन होतं.

तर गोळ्यांबरोबर औषधाच्या दुकानात एक लाल बाटली मिळाली. वर लाल फळांचं चित्र. मी विचारलं, “हे काय म्हणायचं?”

“क्रॅनबेरी, बाबा,” औषधवाला म्हणाला.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की बाटली असू द्या, थोडाफार उपयोग झाला तर झाला, पण खरं औषध पाणी. मी त्यातली बाटली तेवढी ऐकली. एसटीत बसल्यावर तिनं झाकणभर घेतलं आणि जीभ टाळूला लावून बघत म्हणाली, “करवंदासारखं लागतंय की.” तिचं माहेर जिंतूरकडचं, डोंगरातलं. लहानपणी करवंदं खाऊन खाऊन जीभ काळी करायची म्हणे. “अजून घेऊ का?” तिनं विचारलं. एवढ्या वर्षांत तिनं स्वतःसाठी अजून मागितलेलं मला आठवत नाही. तिथंच माझ्या डोक्यात किडा शिरला.

“बाटलीतलं कशाला?” मी लेकीला म्हणालो. “आपण शेतकरी हाव. घरी लावू.”

“आबा, ते थंड मुलखात येतंय. दलदलीत.”

“अगं, ह्या काळ्या रानात काय आलं न्हाई सांग. ऊस आला, हळद आली, मागं एकदा द्राक्ष पण आलं.”

“द्राक्ष कुठं आलं? वेल आला नुसता.”

“वेल तर आला ना?”

“आबा, तुमी आईला पाणी प्यायला लावा, बास.”

“ते लावतोच. तू रोपं मागव.”

लेकीनं फोनवरून दोन रोपं मागवली. खोक्यातून काढली तर काय, दोन काड्या आणि मुंगीएवढी पानं. पहिल्या रोपासाठी मी वरच्या रानातली माती डोक्यावर घालून आणली. आमची ती माती म्हणजे चोळली तर लोण्यासारखी. त्यात शेणखत घातलं. आजूबाजूला बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. आठ दिवसांत रोपटं मेलं.

मेलेली काडी खिशात घालून मी सोनपेठला बी-औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार शेतकी शिकलेला पोरगा. त्यानं काडी बघितली, फोनमध्ये बघितलं, मला काय काय घातलं ते विचारलं.

“काका, तुमची माती लय चांगली हाय, म्हणून मेलं.”

उभ्या आयुष्यात मला असं कुणी बोललं नव्हतं. “चांगली हाय म्हणून?”

“ह्याला हलकी माती लागती. वाळू, कुजलेला पाला. अन आंबट माती. तुमच्या बोअरचं पाणी तर घालूच नका, खारं हाय ते. पावसाचं घाला, न्हाईतर फिल्टरचं.”

माती आंबट करायला त्यानं एक पूड दाखवली. मी घेतली नाही. दुसरं रोपटं वाळू आणि पाला घालून टबात लावलं. म्हटलं आंबट ते आंबट, घरात काय कमी आहे? आधी ताक घातलं. मांजरानं टब चाटूनपुसून ठेवला. दुसऱ्या दिवशी कुत्रं आलं. तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या त्या गेल्याच नाहीत. मग लिंबू पिळलं. शेवटी चिंचेच्या पाण्यावर आलो. ती रोज चिंच कोळायची, फडक्यातून गाळून द्यायची आणि म्हणायची, “घरात आमटी बिनचिंचेची, अन टबात चिंचेचं सार. जेवायला तिकडंच बसा आता.”

सावलीसाठी टब संडासाच्या भिंतीला लावला, तिथं थंडीत दिवसभर ऊन यायचं नाही. मग वाळूचं पोतं, पाल्याचं पोतं, चिंचेचं मडकं हे सगळं पुढं लागेल म्हणून आत संडासात ठेवलं. ज्या दुखण्यासाठी ही सगळी मेहनत, त्या दुखण्याचा उपाय मी स्वतःच्या हातानं पोत्यांनी भरत होतो. तेव्हा मला एवढंच वाटलं, की सोय लय चांगली झाली.

गावात त्या टबाला ‘अमेरिका’ म्हणायला लागले. माझ्या धाकट्या भावाची बायको शेजारीच राहते. ती रोज सकाळी भिंतीवरून विचारायची, “भावजी, अमेरिका उठली का?” आमची ही त्याला ‘सवत’ म्हणायची. “सवतीला जारचं पाणी अन मला बोअरचं. म्हातारपणी दुसरी केलीय माझ्या नवऱ्यानं.” दोघी जावा हसायच्या. मला बरं वाटायचं, घरात हसणं चालू होतं.

फिल्टरच्या पाण्याच्या जारची गाडी रोज सकाळी दारात थांबते. डॉक्टरबाईनं सांगितल्यापासून तिच्यासाठी म्हणून जार लावला होता. पहिला तांब्या टबाला जायचा, हे खरं. पण बाकीचा सगळा तिच्यासाठीच होता, आणि ती पीत नव्हती. मी मागं लागायचो. एकदा सकाळी अकराच्या सुमाराला तांब्या भरून तिच्यापुढं ठेवला आणि आवाज चढवला.

“डॉक्टरनं तीन लिटर सांगितलंय. तू तीन घोट पितीस.”

“ठिवा तिथं. पिते.”

“आता माझ्यासमोर पी.”

“आवं, पिलं की जावं लागतंय.”

“मग जावं.”

“कुठं?”

मी म्हणालो, “रोज जातीस तिथं.”

भर दिवस होता. ओढ्याच्या वाटेवर ट्रॅक्टर, शाळेची पोरं, पारावर बसलेली रिकामी माणसं. तिनं दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी नेऊन टबात ओतलं. पाणी वाया घालवायचं नाही, ही तिची सवय. मला वाटलं, बाई हट्टी आहे. बाई हट्टी आहे असं वाटलं की गड्याला पुढचा विचार करावा लागत नाही.

जानेवारीत रोपट्याला नवीन पानं फुटली. मोजून चार. आम्ही दोघं गुडघ्यावर हात ठेवून, वाकून वाकून बघितली. लेकीचा पहिला दात मी एवढा वाकून बघितला नव्हता. मी सोनपेठच्या पोराला फोन लावला, फळ कधी लागंल?

“जगलं तर तिसऱ्या वर्षी, काका.”

मी तिला सांगितलं, तिसऱ्या वर्षी.

“बरं,” ती म्हणाली. “तवर धरून ठिवते.”

मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. आता ते आठवलं की अंगावरचं कातडं काढून ठेवावंसं वाटतं.

छप्पर बांधलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हुडहुडी भरून ताप आला. मी दोन वाकळा घातल्या, वर घोंगडी घातली. हिवताप असेल म्हणून गावातल्या डॉक्टरकडून गोळी आणली. संध्याकाळपर्यंत ती काहीबाही बोलायला लागली, तेव्हा भावाची जीप काढून परभणीला नेलं. तिथं सांगितलं की घाण वर मूत्रपिंडात चढलीय, रक्तात गेलीय, उशीर झाला. किती दिवसांपासून त्रास होता, असं विचारलं. मी म्हणालो, दिवाळीपासून. लेक म्हणाली, “मला कळतंय तवापासून.”

एक दिवस तिला जरा शुद्ध होती. दवाखान्यात खोलीला लागूनच संडास होता. लेकीच्या खांद्याला धरून ती जाऊन आली, खाटेवर बसली आणि माझ्याकडं बघून नाही, लेकीकडं बघून म्हणाली, “चार पावलं हाय गं. नुसती चार पावलं.” एखादी नवलाची गोष्ट सांगावी तसं. मग त्या दिवशी ती पाणी मागून मागून प्याली.

चौथ्या दिवशी ती गेली. त्याच दिवशी मावळतीला गावात आणून सगळं उरकलं. विस्तव मीच दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात चूल पेटलेली नव्हती, पेटवायची नसतेच. भावजयीनं तिच्या घरून चहा आणला. अंगणात भावकीतली माणसं टोप्या घालून बसलेली, रस्त्यापर्यंत. आत लेक भिंतीला टेकून बसली होती. मी कप तिच्यापुढं केला. तिनं हातानं बाजूला सारला.

“घे गं. कालपासून पोटात काय न्हाई तुझ्या.”

“नको, आबा.”

“मग पाणी तरी पी.”

“पिलं की जावं लागतंय,” लेक म्हणाली. “अन आता उजाडलंय.”

आवाज तिचाच होता, पण सगळा आईचा. शब्द तर तेच. मी कप खाली ठेवला आणि उठलो.

मागं गेलो. दाराला गाठ होती. चार दिवसांचं ऊन आणि दव खाऊन ती अजून आवळली होती. नखं लावली, निघेना. माझ्या गाठी आपोआप सुटतात, तिची सुटता सुटेना. भाऊ मागं मागं आला होता.

“दादा, विळा देऊ का?”

“नको.”

“दादा, आज बसायचं असतंय. हे काय करायलाव?”

“तुमी बसा.”

दात लावले. माझे पुढचे दोनच राहिलेत, पण ते कामाला आले. लुगड्याचं सूत तोंडात आलं, मग पीळ ढिला झाला, मग गाठ सुटली. छप्पर खाली आलं आणि टबावर पडलं. रोपटं झाकलं गेलं. मी ते उचललं नाही.

दार ढकललं. आधी पाल्याचं पोतं ओढलं, मग वाळूचं. चिंचेचं मडकं बाहेर ठेवताना फुटलं. पंप काढला. ठिबकच्या नळ्या काढल्या, त्या एवढ्या वर्षांत उंदरांनी कुरतडलेल्याच होत्या. भावकीतले दोघं-चौघं मागं येऊन उभे राहिले. कुणी हात लावला नाही, कुणी हसलं नाही. खाली फरशी निघाली. भांड्यावर कंपनीचा कागदी शिक्का अजून चिकटलेला होता, जसा आला तसा. मी उकिडवा बसलो आणि नखानं खरवडून खरवडून तो काढला. खराट्यानं कोळिष्टकं झाडली, पाली हाकलल्या, फरशी घासली.

जारवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं नेहमीसारखा जार दारात ठेवला होता. तो उचलून आणला आणि निम्मा भांड्यात ओतला. पाणी घडघडत खाली गेलं. कुठं तुंबलं नाही, कुठं अडलं नाही. पहिल्या दिवसापासून ते तसंच जाणार होतं.

तिचं टमरेल खुंटीला होतं. ते उरलेल्या पाण्यानं भरलं, आत ठेवलं, कडी आतून लागते का ते दोनदा लावून बघितलं. मग घराच्या कोपऱ्याशी येऊन, सगळ्यांच्या देखत, लेकीला हाक मारली.

“बाई,” मी म्हणालो, “चहा पी.”